१७व्या शतकातली इंग्लिश दुकानदारांची टोकनं : नाव सापडलं, माणूस कसा शोधायचा?

आडवाट
नमस्कार मंडळी. इंग्लंडात १६४९ ते १६७२ या काळात वाणी, कापडवाले, मेणबत्तीवाले, गुत्तेवाले अशा हजारो लोकांनी स्वतःच्या नावाची पितळी-तांब्याची टोकनं पाडून घेतली. सरकार सुटे पैसे पाडत नव्हतं आणि गिऱ्हाईक तर दारात उभं. चार फार्दिंगचा एक पेनी, बारा पेनीचा एक शिलिंग, वीस शिलिंगचा एक पौंड. चांदीचं सगळ्यात छोटं नाणं म्हणजे अर्ध्या पेनीचं, नखाएवढं, तेही क्वचितच हाती पडायचं. मग एक मेणबत्ती किंवा पावाचा छोटा तुकडा घेणाऱ्याला उरलेले पैसे परत द्यायचे कशात? म्हणून ही टोकनं.

माझ्याकडचं टोकन सफोकमधल्या एका बाजारगावचं आहे. फार्दिंग किमतीचं, जेमतेम १६ मिमी, साल नाही. एका बाजूला कडेने दुकानदाराचं नाव आणि मध्ये ग्रोसर्स कंपनीची, म्हणजे लंडनच्या वाण्यांच्या व्यापारी संघाची, ढाल. दुसऱ्या बाजूला गावाचं नाव आणि मध्ये तीन अक्षरं. अडचण अशी की त्या गावात त्या काळात त्याच नावाची दोन माणसं होती, बाप आणि मुलगा. टोकन कोणाचं? हे संशोधन पूर्ण करून गावच्या इतिहास मंडळाला द्यायचं आहे, म्हणून तूर्त नाव लिहीत नाही. तुम्ही पायरीपायरीने कसे गेला असतात?

मोडीवाली
तीन अक्षरं आहेत म्हणजे अर्धं काम झालं. वरचं अक्षर आडनावाचं, खाली डावीकडे नवऱ्याचं नाव, उजवीकडे बायकोचं. बापाची बायको कोण, मुलाची कोण, ते चर्चच्या नोंदवहीत बघा. ज्याच्या बायकोचं अक्षर जुळेल त्याचं टोकन.

आडवाट
तेच तर! उजवीकडे 'ई' आहे आणि दोघांच्याही बायकांची नावं 'ई'वरूनच सुरू होतात.

मोडीवाली
अरे देवा. मग खोलात शिरावं लागेल. रात्री सविस्तर लिहिते.

चिंचगुळ
साडेतीनशे वर्षांपूर्वी दुकानदार पैशावर बायकोचं अक्षर घालत होता! आमच्या कोपऱ्यावरचा वाणी सुट्ट्याऐवजी चॉकलेट देतो, त्यावर वहिनींचा पत्ताही नसतो. :)

घाटपांडा
@चिंचगुळ, हसू आलं, पण मुद्दा भारी आहे. तिचं अक्षर शोभेला नव्हतं. दुकान दोघांचं असायचं. नवरा मालाला बाहेरगावी गेला की गल्ल्यावर तीच बसे, आणि टोकन परत घेऊन त्या बदल्यात माल किंवा चांदी देण्याची जबाबदारीही तिच्यावर येई.

आता थोडी पार्श्वभूमी, नवीन वाचकांसाठी. तांब्याच्या फार्दिंगचा मक्ता पहिल्या जेम्सने १६१३मध्ये लॉर्ड हॅरिंग्टन यांना दिला होता. मक्तेदार बदलत गेले. ती नाणी हलकी, बनावट करायला सोपी, आणि लोकांच्या गळ्यात बळजबरीने मारलेली, त्यामुळे त्यांच्यावर सगळ्यांचा राग. यादवी युद्धात पार्लमेंटने तो प्रकार बंद पाडला, पण त्या जागी दुसरं काही आणलं नाही. जानेवारी १६४९मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. नाणी पाडणं हा राजाचा खास हक्क, आणि राजाच उरला नाही. ही पोकळी दुकानदारांनी भरली. पुढे दुसऱ्या चार्ल्सने १६७२मध्ये तांब्याचे अर्धपेनी आणि फार्दिंग काढले, मागच्या बाजूला बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, असलेले, आणि त्या ऑगस्टच्या फर्मानाने खाजगी टोकनं बंद झाली.

म्हणजे तुमच्या टोकनाच्या दोन्ही टोकांच्या तारखा ठरल्या. आतली तारीख शोधायची. फार्दिंग सगळ्या काळात दिसतात, अर्धपेनीची गर्दी मात्र १६६५नंतर. तुमचं फार्दिंग आहे, म्हणजे १६५०च्या दशकाकडे थोडं झुकतं माप. पुरावा नव्हे, फक्त कल.

सुपारीबाग
रोचक. वाचनखूण साठवली आहे.

दर्यावर्दी
एक शंका. खाजगी माणसाने स्वतःच्या नावाने पैसे पाडायचे, हा गुन्हा नव्हता?

घाटपांडा
सोन्याचांदीची सरकारी नाणी नकली पाडली तर राजद्रोह, फाशी. टोकनाचं तसं नव्हतं. ते सरकारी नाणं असल्याचा आव आणत नव्हतं, 'माझ्या दुकानात आणा, बदलून देतो' एवढंच सांगत होतं. कित्येकांवर तर गरजेपुरत्या सुट्ट्यांसाठी असं स्पष्ट कोरलेलं आहे. शहरांनीही काढली, ब्रिस्टल आणि ऑक्सफर्डची १६५२ची फार्दिंग आहेत. नगरपालिकाच काढतेय म्हटल्यावर दुकानदाराला कोण अडवणार?

खडूफळा
मला हे इतकं गोंडस वाटत नाही. फार्दिंगच्या टोकनात फार्दिंगच्या किमतीचं धातू नसायचं. म्हणजे दुकानदार गिऱ्हाइकाकडून बिनव्याजी कर्ज घेत होता. टोकन हरवलं, झिजलं, परत आलंच नाही, तर सगळा फायदा त्याचा. तो मेला, दुकान बुडालं किंवा त्याने हात वर केले की नुकसान कोणाचं? ज्याच्या खिशात चांदी कधी येतच नाही त्याचं. हमालाचं, मोलकरणीचं.

आणि ही टोकनं फार लांब चालत नसत. जॉन इव्हलिनने १६९७मध्ये नाण्यांवरच्या ग्रंथात त्यांच्याबद्दल लिहिलंय की एकदोन गल्ल्यांपलीकडे ती क्वचितच जात, आणि पुढच्या काळातल्या विद्वानांना यांचा अर्थ लावत बसावं लागेल. दुसरं वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे. :)

घाटपांडा
@खडूफळा, कर्जाचा मुद्दा मान्य. पण टोकन नसतं तर तोच हमाल पेनीखाली काही विकतच घेऊ शकला नसता, किंवा उधारीच्या वहीत अडकला असता. उधारी दुकानदाराच्या हातात, टोकन निदान हमालाच्या खिशात. शिवाय गाव लहान. टोकन नाकारणाऱ्याची अब्रू त्याच आठवड्याच्या बाजारात जायची.

खडूफळा
अब्रूच्या भरवशावर गरिबाचे पैसे ठेवायचे हेच मला पटत नाही. १६७२चं फर्मान गरिबाच्या बाजूचं होतं असं माझं मत कायम. धागा भरकटू नये म्हणून इथे थांबतो.

पिंपळपान
@आडवाट, ढाल ग्रोसर्स कंपनीची आहे ना? मग सरळ लंडनच्या ग्रोसर्स कंपनीची दप्तरं काढा. शिकाऊ उमेदवारांच्या नोंदी असतात, वडिलांचं नाव, गाव सगळं मिळेल.

घाटपांडा
@पिंपळपान, हा सापळा आहे, बरेच लोक त्यात अडकतात. गावाकडच्या दुकानदाराने ढाल कोरली म्हणजे तो त्या कंपनीचा सभासद होता असं नाही. ढाल ही दुकानाची ओळख होती. लवंगा दिसल्या की मसाले-साखरेचं दुकान, एवढं निरक्षर माणसालाही कळे. व्हिंटनर्सची तीन पिंपं दिसली की दारू, धनुष्यबाण घेऊन सापाशी लढणारा अपोलो दिसला की औषधवाला.

लंडनमध्ये तर गुंता उलटाही आहे. तिथल्या रिवाजाप्रमाणे एका कंपनीचा सभासद दुसराच धंदा करू शके. ड्रेपर्स (कापडवाल्यांच्या) कंपनीचा सभासद आणि धंदा वाण्याचा, हे सर्रास. त्यामुळे ढालीवरून धंदा शोधा, सभासदत्व नको.

पिंपळपान
हे माहीत नव्हतं. तरी एकदा बघून घ्यायला काय हरकत आहे? सफोकचा मुलगा लंडनला उमेदवारी करून गावी परतला असेल तर?

मोडीवाली
हरकत काहीच नाही, पण तो शेवटचा दरवाजा. आधी घराजवळचे उघडू. सांगितल्याप्रमाणे सविस्तर लिहिते. मी पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी वाचायला शिकले आणि इंग्लंडला आल्यावर तीच सवय इथल्या जुन्या हस्ताक्षराला लावली. त्या काळच्या दप्तरी वळणात 'ई' उलटा दिसतो, 'एच' ओळीखाली लोंबतो, 'सी' आणि 'आर' डोळ्यांना फसवतात. @आडवाट, दोघींची नावं छापील सूचीतून घेतली असतील तर मूळ पानाची छायाचित्रं मागवून खात्री करा. सूची करणाऱ्याने 'ई' वाचला तिथे दुसरंच अक्षर असू शकतं.

पहिलं म्हणजे वर्षाचा हिशोब. इंग्लंडात १७५२पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. नोंदवहीतलं फेब्रुवारी १६५५ म्हणजे आपलं फेब्रुवारी १६५६. दफन आणि पुनर्विवाह यांचा क्रम लावताना हे विसरलं तर मेलेली बायको लग्नाला हजर असते.

दुसरं, १६५३ ते १६६० हा काळ वेगळा धरा. लग्नं चर्चऐवजी न्यायाधीशासमोर लागायची, नोंदी ठेवणारा गावाने निवडलेला माणूस. काही ठिकाणी या नोंदी सुंदर आहेत, काही ठिकाणी वहीच कोरी. बिशपकडे जाणाऱ्या वार्षिक नकलाही तेव्हा बंद होत्या, त्यामुळे वही हरवली असेल तर पर्याय नाही.

तिसरं, आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं, मृत्युपत्रं. एरवी छोट्या दुकानदाराचं मृत्युपत्र स्थानिक आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या, कोर्टात जायचं. पण १६५३ ते १६६० या वर्षांत सगळ्या देशाची मृत्युपत्रं लंडनच्या एकाच कोर्टात मंजूर होत होती. ती आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि घरबसल्या बघता येतात. बाप त्या वर्षांत गेला असेल तर नशीब उघडलं समजा.

चौथं, चुलीकर. १६६२ ते १६८९ प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग, दोन हप्त्यांत. याद्यांत घरमालकाचं नाव आणि चुलींची संख्या. सफोकची १६७४ची यादी छापील आहे. एकाच नावाची दोन घरं दिसली तर दोघं हयात, एक दिसलं तर मृत्युपत्राकडे वळा. सात-आठ चुली असतील तर बहुधा खानावळ. अगदी गरिबांना माफी होती, म्हणून यादीत नाव नाही म्हणजे माणूस नाही असं मात्र धरू नका.

आणि मालमत्तेची पंचयादी मिळाली तर दिवाळीच. दुकानात किती साखर, किती मनुका, किती तंबाखू, तराजू किती, येणं किती, सगळं शेजाऱ्यांनी फिरून लिहिलेलं असतं. धंदा सिद्ध करायला याहून चांगला कागद नाही.

सुपारीबाग
ताई, यावर वेगळा लेख लिहा. मेलेली बायको लग्नाला, हे तर कायम लक्षात राहील.

आडवाट
मोडीवाली, मनापासून आभार. क्यूची मृत्युपत्रं शोधायला घेतो.

खडूफळा
थोडं अवांतर, पण ओळख पटवण्याचाच नमुना आहे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर टेम्पल बारजवळ 'डेव्हिल अँड सेंट डन्स्टन' नावाचा गुत्ता होता. नाटककार बेन जॉन्सनची मंडळी जिथे जमायची तोच. त्याच्या टोकनावर संत डन्स्टन चिमट्याने सैतानाचं नाक ओढतोय, पण नावात सैतान पूर्ण लिहिलेला नाही, नुसता 'डी'! मध्ये तीन अक्षरं : डब्ल्यू, आय, एस. डब्ल्यू म्हणजे वॉडलो. जॉन्सनच्या वेळचा मालक सायमन वॉडलो, पण तो १६२७मध्येच वारला, टोकनांच्या कितीतरी आधी. आणि 'आय' म्हणजे जॉन, कारण तेव्हा 'जे'च्या जागी 'आय' कोरत. म्हणजे टोकन जॉन वॉडलोचं, 'एस' त्याची बायको. सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत २२ एप्रिल १६६१ला, दुसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशीच्या मिरवणुकीत, पांढऱ्या डगल्यांतल्या देखण्या तरुणांची तुकडी घेऊन चालणारा 'डेव्हिल'चा वॉडलो दिसतो. एक टोकन, एक रोजनिशी, एक दफनाची नोंद, आणि माणूस उभा राहिला.

दर्यावर्दी
वा! तो गुत्ता अजून आहे का? लंडनला गेलो तर बघेन.

खडूफळा
नाही. १६६६च्या आगीतून वाचला, आग टेम्पलपाशी विझली. पण १७८७मध्ये चाइल्ड्स बँकेने जागा घेतली आणि पाडला.

चिंचगुळ
सगळे गुत्ते आणि दारूच? चहा-कॉफीवाले नव्हते?

घाटपांडा
होते की. लंडनचं पहिलं कॉफीहाऊस १६५२चं, कॉर्नहिलजवळ सेंट मायकल्स अ‍ॅलीत. पुढच्या वीस वर्षांत कॉफीवाल्यांची टोकनंही आली. एक्स्चेंज अ‍ॅलीतल्या एका कॉफीहाऊसच्या टोकनावर पगडीधारी सुलतान मुराद आहे, आणि कॉफीबरोबर चहा, चॉकलेट, सरबत मिळेल अशी जाहिरातही. त्या काळचं मेनूकार्डच.

पिंपळपान
विधवांची टोकनं असतात का? नवरा गेल्यावर दुकान बंद होत असेल असं वाटायचं.

मोडीवाली
भरपूर असतात, माझा आवडता विषय. कॉव्हेंट गार्डनच्या 'रोझ' गुत्त्याचं एक टोकन विल्यम लाँगच्या नावाचं आहे आणि दुसरं मेरी लाँगच्या, ती त्याची विधवा. धंदा तोच, नाव तिचं. बाईचं नाव दिसलं की आधी तिच्या नवऱ्याचं दफन शोधावं, टोकन बहुधा त्यानंतरचं. कर भरताना, मृत्युपत्र करताना, टोकन पाडताना या बाया स्वतःच्या नावाने समोर येतात. एरवी त्या काळच्या कागदांत बाई म्हणजे अमक्याची बायको.

दर्यावर्दी
अवांतर : १६७२ म्हणजे आपल्याकडे मुंबईत काय चाललं होतं? बेट तर तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं होतं ना?

घाटपांडा
बरोबर. १६६८मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिली. आणि गंमत म्हणजे १६७२मध्येच गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात मुंबईत टाकसाळ सुरू झाली. चांदीची 'अँग्लिना', तांब्याचा 'कॉपरून' आणि कथिलाची 'टिनी'. म्हणजे तिकडे दुकानदारांची टोकनं बंद होत होती त्याच वर्षी इकडे कंपनी मुंबईच्या बाजारासाठी हलक्या धातूचे सुटे पाडू लागली. दोन वर्षांनी रायगडावरून शिवराई आली. सुट्ट्यांचा प्रश्न रोजच्या बाजाराचा, राजा कोणीही असो, तो सोडवावाच लागतो.

आणखी एक धागा. इंग्लंडात सुट्ट्यांची टंचाई १८व्या शतकात पुन्हा आली. १७८७मध्ये वेल्समधल्या अँग्लसी बेटावरच्या पॅरिस (Parys) तांब्याच्या खाणीच्या कंपनीने ड्रुइडचा, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहिताचा, चेहरा असलेली पेनी काढली आणि टोकनांची दुसरी लाट आली. त्या लाटेत बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टाकसाळीचं नाव झालं. त्याच टाकसाळीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ची तांब्याची नाणी पाडली, एका बाजूला कंपनीचं चिन्ह आणि दुसरीकडे तराजू. पुण्याच्या नाणी बाजारात ती अजून मिळतात. हातात घेतलीत तर कडेची सफाई बघा, वाफेच्या यंत्राची आहे.

कोरडवाहू
मी इंग्लंडात नवीन. शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरलं तर अशी टोकनं मिळतात म्हणे. कोणी नेईल का?

आडवाट
मिळतात, पण आधी जमीनमालकाची लेखी परवानगी. थेम्सच्या गाळात शोधायचं तर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. सापडलेलं टोकन जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा. १९९७पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमची नोंदणी चालू आहे. एकटं पितळी टोकन सहसा 'ट्रेझर' (कायद्याच्या व्याख्येतला ठेवा) ठरत नाही, पण दहा किंवा अधिक एकत्र सापडली तर कायद्याने कळवावं लागतं. आणि सापडलेली जागा नोंदवाच. टोकन किती लांब चाललं हे त्यावरूनच कळतं. इव्हलिनच्या एकदोन गल्ल्या खऱ्या की नाही, हे ठरवणाराही पुरावा तोच.

(बऱ्याच दिवसांनी)

आडवाट
मंडळी, धागा वर काढतोय. प्रगती सांगतो.

बापाचं मृत्युपत्र मिळालं, लंडनच्या कोर्टात १६५८मध्ये मंजूर झालेलं. स्वतःला ग्रोसर म्हणवतो आणि दुकानातला माल, तराजू, वजनं मुलाला देतो. म्हणजे दोघंही वाणी, ढालीने काही सुटत नाही. पण मृत्युपत्रात त्याची बायको 'एम' आहे! मूळ नोंदवही पाहिली तर 'ई' नावाची पहिली बायको १६५५मध्ये पुरलेली. मुलाचं लग्न १६६१चं, तिचं नाव मूळ पानावरही 'ई'च.

म्हणून टोकन बापाचं असेल तर १६४९ ते १६५५, मुलाचं असेल तर १६६१ ते १६७२. मधली सहा वर्षं आपोआप बाद. आता या दोन खिडक्यांतून एक कशी निवडायची?

मोडीवाली
किती छान! मधली वर्षं गळून पडणं हाच मोठा पुरावा. आता कागद पुरे, धातूकडे जा.

घाटपांडा
+१. बहुसंख्य टोकनांचे साचे लंडनमध्ये बनत. टॉवर ऑफ लंडनमधल्या सरकारी टाकसाळीशी संबंधित डेव्हिड रॅमेज हा त्यातला महत्त्वाचा कारागीर, १६६२मध्ये वारला. साच्यावर अक्षरं एकेका पंचने, म्हणजे टोकाला अक्षर कोरलेल्या पोलादी ठशाने, ठोकत. पंचचा कोपरा तुटला की तो दोष पुढच्या सगळ्या साच्यांत उतरतो. तुमच्या टोकनावरचं प्रत्येक अक्षर मोठं करून बघा आणि शेजारच्या गावांच्या साल असलेल्या टोकनांशी लावा. १६५२च्या टोकनावर तोच दोष दिसला तर बाप, १६६७च्या टोकनावर दिसला तर मुलगा.

आडवाट
आजच छायाचित्रं काढली. 'आर'चा तिरका पाय टोकाशी तुटका आहे, दोन्ही बाजूंना सारखाच. शेजारच्या गावच्या १६५० ते ५५मधल्या सालांच्या टोकनांची छायाचित्रं जमवतोय.

घाटपांडा
उत्तम. फक्त एका अक्षरावर थांबू नका, पंच बरीच वर्षं वापरात राहतो. 'आर'बरोबर दुसरं एखादं दोषी अक्षर जोडीने सापडायला हवं. 'एस' आणि 'एन' आधी बघा, ते लवकर झिजतात. आणि १६६०नंतरची टोकनंही त्याच तक्त्यात ठेवा, नाहीतर जे शोधतोय तेवढंच दिसेल.

आडवाट
दोन्ही काळांचा तक्ता करतो. मोठी केलेली छायाचित्रं शनिवारी इथे टाकेन, ज्यांची नजर बसली आहे त्यांनी 'एस' जरूर तपासा.